साडेएकोणीस दिवसांचा प्रवास

मित्रांनो, लंडनहून ऑस्ट्रेलियातल्या पर्थला आज थेट विमान जातं. अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर, वेळ साधारण १७ तास. २०१८ साली ही सेवा सुरू झाली. मध्ये कुठे उतरायचं कामच नाही. जेवा, सिनेमा बघा, झोपा, की आलं पर्थ!

आता ९० वर्षांहून जास्त मागे जाऊया.

अ‍ॅमी जॉन्सन, जन्म १९०३, गाव इंग्लंडमधलं हल. वडिलांचा मासळीचा धंदा. शेफील्डला अर्थशास्त्रात पदवी घेतली आणि लंडनमध्ये एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करू लागली. सुट्टीत फ्लाइंग क्लबला जायची. इतरांना उडण्याची हौस, हिला त्याबरोबर इंजिन खोलण्याचीही! हँगरमध्ये मेकॅनिकांच्या हाताखाली राबून १९२९ मध्ये तिनं ग्राउंड इंजिनिअरचं लायसन्स मिळवलं. ब्रिटनमध्ये ते मिळवणारी ती पहिली स्त्री.

मग तिनं ठरवलं, एकटीनं ऑस्ट्रेलिया गाठायचं. तोवर तिची सर्वांत लांब उड्डाणं लंडन ते हल एवढीच! वडिलांच्या आणि लॉर्ड वेकफिल्ड यांच्या मदतीनं ६०० पौंडांत जुनं जिप्सी मॉथ घेतलं. नाव 'जेसन'. कॉकपिट उघडं, रेडिओ नाही, वेग ताशी जेमतेम १४० किलोमीटर.

५ मे १९३० ला ती लंडनच्या क्रॉयडनहून निघाली. कराचीला सहाव्या दिवशी पोचली, म्हणजे बर्ट हिंकलरच्या १९२८ च्या विक्रमापेक्षा दोन दिवस पुढे. झाशीला पेट्रोल संपत आलं, तर सरळ लष्कराच्या परेड ग्राउंडवर उतरली. पण ब्रह्मदेशात रंगूनजवळ धो धो पावसात उतरण्याची जागाच सापडेना. शेवटी इनसीनच्या टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या मैदानात उतरली आणि विमान खड्ड्यात गेलं. पंख फाटला.

आता यातली खरी गंमत आपल्यासाठी. मदतीला धावली ती त्या इन्स्टिट्यूटची मंडळी, शिक्षक आणि विद्यार्थी! पहिल्या महायुद्धातून उरलेल्या विमानाच्या कापडाचे तिथे कधीतरी शर्ट शिवले होते. ते उसवून पंखाला ठिगळं लावली. तीन दिवस गेले, विक्रम हुकला, पण विमान उडालं.

२४ मे रोजी ती डार्विनला उतरली. साधारण १८,००० किलोमीटर, साडेएकोणीस दिवस. हिंकलरला साडेपंधरा लागले होते. तरी इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीनं उडणारी पहिली स्त्री तीच.

नियती पण अजब. ५ जानेवारी १९४१ ला, युद्धकाळात, ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळ एक विमान पोचवायचं होतं. देशातल्या देशातला हा छोटासा प्रवास. खराब हवेत ती भरकटली आणि थेम्स नदीच्या मुखाशी पाण्यात पडली. मृतदेह कधीच मिळाला नाही.

'जेसन' आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

तेव्हा दोस्तांनो, वर्कशॉपमध्ये फायलिंग करताना हात दुखले की इनसीनची ती पोरं आठवा. डार्विन गाठलं अ‍ॅमीनं, पण त्या १८,००० किलोमीटरमध्ये थोडा वाटा त्यांचाही आहे.