कागदावरचा बुद्धिबळपटू : ॲलन ट्यूरिंग

बुद्धिबळाच्या डावाला पट लागतो, सोंगट्या लागतात आणि पलीकडे बसायला कुणीतरी लागते. पलीकडचा माणूस उठून त्या जागी यंत्र आले, त्यालाही आता बराच काळ लोटला. जिमखान्यातला पट मोकळा पडलेला असतो आणि कट्ट्यावरची मुले खिशातल्या मोबाइलशी डाव रंगवत बसलेली असतात, हे दृश्य आपल्याला नवे नाही. परंतु यंत्राच्या अंगी खेळण्याची ताकद येण्यापूर्वीच त्याच्यासाठी बुद्धिबळाची आज्ञावली रचणारा, आणि ती चालवायला यंत्र मिळेना तेव्हा स्वतःच यंत्राच्या जागी बसून कागद-पेन्सिलीने एकेक चाल काढणारा एक गणिती इंग्लंडात होऊन गेला. ॲलन मॅथिसन ट्यूरिंग हे त्याचे नाव. संगणकाच्या पुस्तकात ते पहिल्या प्रकरणात येते व तेथेच राहते. कलाशाखेच्या वार्षिकात त्याचे काय काम, असे कुणी विचारील. पण त्याची ती आज्ञावली अनेक वर्षांनी खऱ्या यंत्रावर चढवली गेली तेव्हा तिच्यातून जे निघाले, ते गणितापेक्षा माणसाविषयीच अधिक होते.

ट्यूरिंगचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. पण घर म्हणावे तर हिंदुस्थानातले. वडील ज्यूलियस हे मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी. आई एथेल हिचा तर जन्मच दक्षिणेतल्या पोदनूरचा; तिचे वडील एडवर्ड स्टोनी मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता होते. १९०८ साली ही रेल्वे ‘सदर्न मराठा’ कंपनीशी एक झाली, आणि पुण्याहून मिरज-बेळगावकडे धावणारी गाडी पुढे त्याच जोडकंपनीची झाली. इतका हा गृहस्थ आपल्या परिसराच्या जवळचा! मात्र मुलांना इकडची हवा मानवणार नाही, असे ठरवून आईवडिलांनी ॲलन आणि त्याचा थोरला भाऊ जॉन यांना इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका निवृत्त कर्नलच्या घरी ठेवले. आई अधूनमधून येई, वडील त्याहून क्वचित. नोकरीसाठी भोसरी-चाकणला आलेल्या आणि लेकरे गावी आजीपाशी ठेवलेल्या कितीतरी घरांना हे दुःख ठाऊक आहे. साहेबाच्या घरीही ते चुकले नाही.

१९२६ साली तो शेरबोर्नच्या शाळेत दाखल व्हायचा होता, आणि नेमका सार्वत्रिक संपामुळे गाड्या बंद. तेरा वर्षांचा हा मुलगा साउदॅम्प्टनहून सायकल काढून, वाटेत एका खानावळीत मुक्काम करून, साठ मैलांवरच्या शाळेत हजर झाला. शाळेत ग्रीक-लॅटिनचे महत्त्व, गणिताचे कौतुक बेताचेच. त्यामुळे शिक्षकांचे आणि त्याचे फारसे जमले नाही. जमले ते ख्रिस्तोफर मॉरकम या वरच्या वर्गातल्या मुलाशी. दोघे आकाशातले तारे आणि रसायने यांवर पत्रे लिहीत. १३ फेब्रुवारी १९३० रोजी ख्रिस्तोफर क्षयाने गेला. लहानपणी दूषित दुधातून तो रोग त्याला जडला होता. माणूस जातो तेव्हा त्याच्या मनाचे काय होते, मन हे शरीर नावाच्या यंत्राला बांधलेले असते की त्यावाचूनही राहू शकते, हा प्रश्न त्या दिवसापासून ट्यूरिंगच्या मागे लागला असे त्याचे चरित्रकार मानतात, आणि मलाही ते पटते.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकून १९३५ साली, बाविसाव्या वर्षी, तो तेथे फेलो झाला. पुढच्याच वर्षी त्याने तो प्रसिद्ध निबंध लिहिला. त्या काळी ‘कॉम्प्युटर’ म्हणजे आकडेमोड करणारा कारकून. तो कारकून करतो तरी काय, हे ट्यूरिंगने अगदी मुळाशी जाऊन पाहिले. चौकटी आखलेली लांब पट्टी, एका वेळी एकच चौकट पाहणे, तीत खूण लिहिणे वा पुसणे, आणि पुढे काय करायचे याचा तक्ता. बस्स, एवढेच. मग त्याने विचारले की एका यंत्राचा तक्ताच दुसऱ्या यंत्राच्या पट्टीवर लिहून दिला तर? दुसरे यंत्र तो वाचून पहिल्यासारखे वागू लागेल. अशा एकाच सर्वसमावेशक यंत्राला कोणत्याही यंत्राचे सोंग घेता येते, हे त्याने सिद्ध केले.

ही कल्पना आज आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नवल वाटत नाही. १९७८ साली स्प्रॅकलेन दांपत्याने झेड-८० नावाच्या चिपसाठी ‘सार्गन’ हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला. त्या चिपेवरची घरगुती यंत्रे केव्हाच अडगळीत गेली. तरी हौशी लोक आजच्या संगणकावर तसले जुने प्रोग्रॅम खेळतात. कसे? तर नव्या संगणकाला जुन्या चिपेचे सोंग घ्यायला लावणारी एक आज्ञावली मध्ये बसवतात. आपण जुन्याच यंत्रावर आहोत अशा समजुतीत प्रोग्रॅम चाली करत राहतो. आपल्या पट्ट्यातल्या वर्कशॉपमध्येही हेच चालते. जुन्या सीएनसी यंत्राची फ्लॉपी मिळेनाशी झाली की तिच्या खाचेत पेनड्राइव्हची पेटी बसवतात, आणि यंत्राला वाटते फ्लॉपीच आहे. या साऱ्याला आधार १९३६ सालच्या त्या निबंधाचा.

युद्ध सुरू झाले आणि ४ सप्टेंबर १९३९ रोजी ट्यूरिंग ब्लेचली पार्क येथे गुप्त लिपी उलगडण्याच्या कामावर रुजू झाला. जर्मन आरमाराचे ‘एनिग्मा’ संदेश फोडण्यात त्याचा वाटा मोठा होता. १९७० नंतरच ते सारे हळूहळू उजेडात आले, तेव्हा तो हयात नव्हता. येथे आपल्याला हवी ती गोष्ट निराळीच. ब्लेचलीत बुद्धिबळातले मातब्बर गोळा केलेले होते : अलेक्झांडर, मिलनर-बॅरी, गोलोम्बेक. ट्यूरिंग त्यांच्यासमोर कच्चा लिंबू! धावण्यात मात्र तो अव्वल. १९४७ साली त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पुरी केली होती. म्हणून की काय, चाल केल्यावर घराभोवती धावत एक फेरी मारायची आणि प्रतिपक्षाची चाल होण्याआत परतलो तर आणखी एक चाल घ्यायची, असा बुद्धिबळाचा एक प्रकारच त्याने काढला. आठवड्यातून एकदा डोनाल्ड मिची या तरुण सहकाऱ्याबरोबर तो वुल्व्हर्टनच्या एका पबमध्ये पट मांडी, आणि यंत्राला हा खेळ कसा शिकवावा यावर त्यांचे बोलणे चाले. उत्तम खेळाडूला आपण चाल कशी शोधली ते सहसा सांगता येत नाही. ट्यूरिंगला पायरीपायरीनेच विचार करावा लागे, आणि यंत्राला शिकवायला तोच बरा.

१९४८ साली त्याने आणि अर्थशास्त्रज्ञ मित्र डेव्हिड चँपरनोन याने मिळून नियम बसवले. दोघांच्या नावांची संधी होऊन पुढे त्यांना ‘टुरोचॅम्प’ म्हणू लागले. प्याद्याला १ गुण, घोड्याला ३, उंटाला साडेतीन, हत्तीला ५, वजिराला १०. आपली प्रत्येक शक्य चाल घ्यायची, तिच्यावर समोरच्याचे प्रत्येक उत्तर घ्यायचे, आणि मारामारी चालू असेल तर ती शांत होईपर्यंत पुढे पाहायचे. गुण सारखेच आले तर कोणत्या मोहऱ्याला किती घरे मोकळी आहेत, त्या संख्येचे वर्गमूळ काढून बेरीज करायची. वर्गमूळ! तेही हाताने, प्रत्येक मोहऱ्याचे, प्रत्येक चालीला. चँपरनोनची पत्नी नवशिकी होती. ती या कागदी खेळाडूकडून हरली.

मँचेस्टरला गेल्यावर तेथल्या फेरांटी यंत्रावर ही आज्ञावली चढवण्याचा त्याने प्रयत्न केला. तो पुरा झाला नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये डीट्रिच प्रिंझ याने त्याच यंत्राकडून दोन चालींत मात करण्याचे कोडे सोडवून घेतले, पण संपूर्ण डाव खेळणे यंत्राच्या आवाक्याबाहेरच होते. तेव्हा १९५२ साली ट्यूरिंगने ॲलिक ग्लेनी या सहकाऱ्याला समोर बसवले आणि यंत्राचे काम स्वतः केले. एका चालीला सुमारे अर्धा तास लागे. ग्लेनी काही मोठा खेळाडू नव्हता, तरी एकोणतिसाव्या चालीला वजीर अडकला आणि कागदी यंत्राने हार मानली. पुढच्या वर्षी छापलेल्या एका ग्रंथात ट्यूरिंगने नियम आणि हा डाव दोन्ही दिले, म्हणून ते वाचले.

त्याच १९५२ सालच्या मार्चमध्ये त्याच्यावर खटला झाला. गुन्हा काय, तर दुसऱ्या पुरुषाशी संबंध. घरी झालेल्या चोरीची तक्रार करायला तो आपण होऊन पोलिसांकडे गेला होता आणि चौकशीत काही लपवावे असे त्याला वाटले नाही. तुरुंग नको असेल तर स्त्री-संप्रेरके घ्या, अशी निवड त्याच्यापुढे ठेवली गेली. वर्षभर ते उपचार त्याने सोसले. ज्या देशाची गुपिते त्याने राखली, त्याने त्याला गुप्त कामातून दूर केले. ७ जून १९५४ रोजी विल्म्स्लो येथील घरी, बेचाळीस पुरी होण्यास काही दिवस असताना, सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या ठरली. आईने अखेरपर्यंत तो अपघात मानला. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २००९ साली माफी मागितली, २०१३ साली राणीने क्षमापत्र दिले, २०२१ साली पन्नास पौंडांच्या नोटेवर त्याचे चित्र आले. क्षमा कुणी कुणाला करायची, हा प्रश्न मला त्या क्षमापत्रापाशी पडतो. आपणही नाके मुरडण्याचे कारण नाही. वडिलांनी जेथे चाकरी केली त्या आपल्या देशात १८६० च्या दंडसंहितेचे ३७७ वे कलम अशा प्रौढांवरून सर्वोच्च न्यायालयाने हटवले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

आता त्या आज्ञावलीकडे. या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या बुद्धिबळ-संगणकाच्या जाणकारांनी, फ्रेडरिक फ्रीडेल आणि माथियास फाइस्ट यांनी, युनिक्सचे कर्ते केन थॉम्प्सन यांच्या मदतीने ट्यूरिंगचे छापील नियम नव्या संगणकावर उतरवले. ग्लेनीचा डाव पुन्हा मांडला की यंत्राने त्याच चाली कराव्यात, ही परीक्षा. यंत्र पहिल्याच चालीला अडले. ट्यूरिंगने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले होते. त्याच्याच नियमांनी चालणारे यंत्र एकच घर सरकवू पाहत होते. पुढेही तसेच. प्रोग्रॅममध्ये चूक असेल म्हणून त्यांनी ती खूप शोधली, सापडेना. शेवटी वृद्ध झालेल्या मिचीला विचारले. ट्यूरिंगला ओळखणाऱ्या त्या माणसाने सांगितले की चूक शोधायची तर ट्यूरिंगमध्ये शोधा. उघडच होते. अर्धा अर्धा तास वर्गमुळे काढणारा माणूस कधीतरी कंटाळतो, ही चाल वाईटच दिसते म्हणून तिचा हिशेब सोडून देतो, मनाला बरी वाटेल ती खेळतो. यंत्राचे सोंग घेतलेल्या माणसाला ते सोंग शेवटपर्यंत निभावले नव्हते. झेड-८० चे सोंग आजचा संगणक बिनचूक घेतो. १९५२ सालच्या त्या खेळाडूचे घेऊ शकला नाही.

ट्यूरिंगच्या जन्मशताब्दीला, २५ जून २०१२ रोजी, मँचेस्टर विद्यापीठात ही आज्ञावली गॅरी कास्पारॉव्हसमोर ठेवण्यात आली. चालींना आता अर्धा तास लागत नव्हता. यंत्राने राजापुढचे प्यादे एक घर पुढे टाकले. सोळा चालींत डाव संपला.