जोसेफ मॅन्टन

जोसेफ मॅन्टन (इ.स. १७६६ - २९ जून, इ.स. १८३५) हे लंडनमधील एक नामांकित बंदूक-कारागीर होते. चकमकीची बंदूक मागे पडून स्फोटक टोपीची बंदूक रूढ होण्याचा जो संक्रमणकाळ होता, त्या काळातील इंग्लंडमधील सर्वश्रेष्ठ कारागीर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. शिकारीच्या दुनळी बंदुकीला आज जे सुबक, हलके व तोलदार रूप आहे, त्याच्या घडणीत मॅन्टन यांचा वाटा मोठा आहे. जेम्स पर्डी, टॉमस बॉस, जोसेफ लँग, चार्ल्स लँकेस्टर, विल्यम ग्रीनर हे पुढे स्वतःच्या नावाने प्रसिद्धीस आलेले कारागीर कोणत्या ना कोणत्या नात्याने त्यांच्या कारखान्याशी जोडलेले होते. एवढे असूनही आयुष्याच्या अखेरीस मॅन्टन यांचे दिवाळे निघाले. त्यांच्या शिष्यपरिवारातील पेढ्या दीडशे-दोनशे वर्षे टिकल्या. मूळ पेढी मात्र त्यांच्यामागे फार काळ चालली नाही.

प्रारंभीचे जीवन

मॅन्टन यांचा जन्म इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील ग्रँथम या गावी झाला. त्यांचे थोरले बंधू जॉन मॅन्टन (इ.स. १७५२ - इ.स. १८३४) हेही बंदूक-कारागीरच होते. जॉन यांनी लंडनमधील पिकॅडिली भागातील ख्यातनाम कारागीर जॉन ट्विग यांच्याकडे मुख्य कारागीर म्हणून काम केले आणि इ.स. १७८१ मध्ये डोव्हर स्ट्रीटवर स्वतःचे दुकान थाटले. जोसेफ यांनी काही काळ गावी उमेदवारी केली व नंतर भावाच्या हाताखाली काम शिकले. इ.स. १७८९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बर्कली स्क्वेअरजवळील डेव्हिस स्ट्रीटवर स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. दोघा भावांच्या पेढ्या शेवटपर्यंत वेगळ्याच राहिल्या. जॉन यांनी आपला व्यवसाय सावधपणे, हिशेबाने चालविला. जोसेफ यांचा स्वभाव नव्या कल्पनेमागे धावण्याचा होता. त्यांच्या उत्कर्षाचे आणि अधःपाताचेही मूळ या स्वभावात शोधावे लागते.

तोफेच्या गोळ्याचे प्रकरण

व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळातच मॅन्टन यांनी तोफखान्यासाठी एक शोध लावला. तोफेच्या नळीला आतून पीळदार खाचा पाडल्या, तर गोळा स्वतःभोवती फिरत जाऊन नेम अधिक अचूक बसतो. परंतु लोखंडी गोळा त्या खाचांमध्ये घट्ट बसत नाही, ही खरी अडचण होती. मॅन्टन यांनी गोळ्याच्या बुडाशी लाकडी वाटी जोडून ती दूर करण्याचा प्रयत्न केला. लष्कराच्या वतीने त्यांना खर्चापोटी ५०० पौंड देऊ करण्यात आले. पुढे मोबदल्यावरून वाद झाला, तेव्हा मॅन्टन यांनी पेटंट घेऊन प्रत्येक गोळ्यामागे एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, स्वामित्वशुल्क मागितले. लष्कराने पेटंटच्या अर्जालाच विरोध केला आणि व्यवहार तुटला. या प्रयोगांवर मॅन्टन यांनी पदरचा बराच पैसा खर्च केला होता. त्यांच्या दिवाळखोरीचे कारण म्हणून पुष्कळदा याच प्रकरणाकडे बोट दाखविले जाते. तथापि मधल्या काळात त्यांचा धंदा ऐन भरात होता, हे लक्षात घेता एवढे एकच कारण पुरेसे वाटत नाही.

दुनळी बंदुकीतील सुधारणा

ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा व छर्रे नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावे लागत. घोड्याच्या जबड्यात गारगोटी बसविलेली असे. चाप ओढताच ती पोलादी पट्टीवर आदळून ठिणग्या उडत, त्यांनी पात्रातील रंजक पेटे आणि ती आग नळीच्या कानातून आतल्या दारूपर्यंत पोहोचे. जुन्या बंदुकांत दारू सावकाश जळत असल्याने नळी लांबलचक ठेवावी लागे. लंडनमधील हेन्री नॉक यांनी इ.स. १७८७ मध्ये नळीच्या बुडाची नवी रचना पेटंट करून दारू जलद पेटविण्याचा मार्ग काढला. त्यामुळे नळ्या आखूड करता येऊ लागल्या व दोन नळ्या शेजारी शेजारी जोडूनही बंदूक हाती पेलता येईल अशी झाली. उडत्या पक्ष्यावर नेम धरण्याची हौस इंग्रज जमीनदारवर्गात याच काळात वाढीस लागली होती.

मॅन्टन यांनी नॉक यांचे काम पुढे नेले. इ.स. १८०६ मध्ये त्यांनी दोन नळ्यांच्या मधोमध बसविण्याच्या उंच पट्टीचे पेटंट घेतले. ही पट्टी बुडाकडे उंच व तोंडाकडे सखल असते. नेम धरणाऱ्याची नजर पट्टीवरून गेली की नळीचे तोंड किंचित वर उचलले जाते, आणि छर्रे पक्ष्याच्या खालून निघून जाण्याचा दोष कमी होतो. पाहताना क्षुल्लक वाटणारी ही सुधारणा दुनळी बंदुकीच्या घडणीत कायमची रुजली.

दुनळी बंदुकीत एक मोठा धोकाही होता. एक नळी उडवून झाल्यावर ती पुन्हा ठासताना दुसरी भरलेलीच असे व तिचा घोडा बहुधा चढविलेला असे. गज हाती घेऊन नळीच्या तोंडाशी वाकलेला शिकारी अशा वेळी हात किंवा प्राण गमावून बसे. यावर मॅन्टन यांनी घोड्याजवळ लहान वजनाची अडण बसविली. बंदूक ठासण्यासाठी उभी धरली की ती अडण आपल्याच भाराने घसरून घोड्याला रोखी आणि बंदूक आडवी होताच बाजूला सरे. शिकाऱ्याला वेगळे काही करावे लागत नसे, हे या योजनेचे खरे वैशिष्ट्य होय.

बंदुकांखेरीज घड्याळांचाही त्यांना नाद होता. हवा काढून घेतलेल्या बंद पेटीत चालणाऱ्या कालमापकाचे पेटंट त्यांनी इ.स. १८०८ मध्ये घेतले.

कारखाना व ग्राहक

मॅन्टन यांची बंदूक एकट्याच्या हातची नसे. नळ्या घडविणारा, चापाची यंत्रणा कानशीने घासून बसविणारा, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता कोरणारा, नक्षी काढणारा असे निरनिराळे कारागीर तिच्यावर काम करीत. उत्तम नळ्यांसाठी घोड्यांच्या नालांचे जुने खिळे तापवून, ठोकून जोडलेले लोखंड वापरत आणि त्याच्या पट्ट्या पिळून नळी घडवीत. चार्ल्स लँकेस्टर हे या कामातील निष्णात मानले जात व मॅन्टन यांच्यासाठी ते नळ्या तयार करीत. या सर्वांचे काम एका डोळ्याखालून जाई, आणि तो डोळा मॅन्टन यांचा असे. नक्षीचा भपका त्यांनी कमी केला; रेषा, तोल व सांध्यांचा नेमकेपणा यांवर भर दिला. आपण सारे एरवी लोहारच राहिलो असतो, ते मॅन्टन यांच्यामुळे कारागीर झालो, अशा आशयाचे उद्गार जेम्स पर्डी यांच्या नावावर सांगितले जातात.

डेव्हिस स्ट्रीटवरील दुकानाला जोडून नेमबाजीची जागा होती. कवी लॉर्ड बायरन तेथे पिस्तुलाचा सराव करण्यास येत असत. द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांसाठीही मॅन्टन यांची ख्याती होती. त्यांचे सर्वांत निष्ठावंत ग्राहक म्हणजे कर्नल पीटर हॉकर (इ.स. १७८६ - इ.स. १८५३). स्पेनमधील तालावेराच्या लढाईत जखमी झालेले हे लष्करी अधिकारी पाणपक्ष्यांच्या शिकारीचे वेडे होते. नवोदित शिकाऱ्यांसाठी त्यांनी लिहिलेले पुस्तक इ.स. १८१४ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यात व आपल्या रोजनिशीत त्यांनी मॅन्टन यांच्या कामाची मनापासून वाखाणणी केली आहे.

स्फोटक टोपी आणि न्यायालयीन वाद

चकमकीच्या बंदुकीत रंजकाचा भडका आधी उडे व बार किंचित उशिराने होई. पाण्यावरील पक्षी तो भडका पाहून बुडी मारीत. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी येथील धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉरसाइथ यांनी यावर उपाय म्हणून आघाताने पेटणारी स्फोटक भुकटी वापरण्याची युक्ती शोधली. ११ एप्रिल, इ.स. १८०७ रोजी त्यांना तिचे पेटंट मिळाले. पेटंटची भाषा इतकी व्यापक होती की आघाताने दारू पेटविण्याची जवळजवळ प्रत्येक पद्धत तिच्या कक्षेत येई.

येथे मॅन्टन अडकले. इ.स. १८१६ मध्ये त्यांनी स्फोटक द्रव्याची बारीक गोळी घोड्याच्या टोकाशी बसविणारी रचना पेटंट केली. इ.स. १८१८ मध्ये त्याहून सोपी रचना आणली. तांब्याच्या बारीक नळीत स्फोटक द्रव्य भरून ती बंदुकीच्या कानात खोचायची आणि घोड्याच्या आघाताने चिरडायची, असे तिचे स्वरूप होते. ही दुसरी रचना जलद व खात्रीची होती, आणि मोठ्या बंदुकांसाठी हॉकर यांनी ती फार पसंत केली. परंतु फॉरसाइथ यांनी दावा लावला व तो जिंकला. यंत्ररचना मॅन्टन यांची असली तरी आघाताने पेटविण्याचे तत्त्व फॉरसाइथ यांचे ठरले. पेटंटची १४ वर्षांची मुदत इ.स. १८२१ मध्ये संपली. तोवर साधी तांब्याची टोपी पुढे येऊ लागली होती आणि थोड्याच वर्षांत तिने मॅन्टन यांच्या नळीची जागा घेतली. टोपीचा जनक कोण, यावर नंतर बराच वाद झाला. दावेदारांत हॉकरही होते.

त्याआधी इ.स. १८१४ मध्ये पार्कर नावाच्या व्यावसायिकाविरुद्ध मॅन्टन यांनी स्वतः लावलेला दावाही फसला होता. बंदूक ठासताना आतील हवा बाहेर जावी म्हणून त्यांनी पोलादी पट्टीला छिद्र ठेवले होते. पेटंटमध्ये वर्णिलेले कार्य त्या छिद्राने साधत नाही असे ठरून ते पेटंटच रद्द झाले. हाताने अचूक घडविणारा हा कारागीर कागदावर मात्र पुन्हा पुन्हा चुकत गेला.

दिवाळखोरी व अखेर

इ.स. १८१९ मध्ये मॅन्टन यांनी आपली पेढी हॅनोव्हर स्क्वेअर येथे हलविली. दावे, प्रयोग आणि वाढता खर्च यांचा भार साचत गेला. इ.स. १८२५ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये आर्थिक अरिष्ट येऊन अनेक बँका बुडाल्या आणि इ.स. १८२६ च्या प्रारंभी मॅन्टन यांचे दिवाळे जाहीर झाले. त्यांचा शिल्लक माल जोसेफ लँग यांनी घेऊन विकला. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील त्यांच्या ताब्यातील जागेत त्याच वर्षी जेम्स पर्डी राहावयास आले. चार्ल्स लँकेस्टर यांनीही त्याच वर्षी स्वतःच्या नावाने दुकान उघडले. पुढील नऊ वर्षे मॅन्टन यांनी मुलांच्या साह्याने पुन्हा उभे राहण्याची खटपट केली, पण पूर्वीचे वैभव परत आले नाही. २९ जून, इ.स. १८३५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. केन्सल ग्रीन येथील दफनभूमीत त्यांची कबर असून तिच्यावरील लेख हॉकर यांनी रचला आहे.

मॅन्टन घराण्याच्या नावाची एक पेढी कोलकात्यातही होती. हिंदुस्थानातील इंग्रज अधिकारी व शिकारी यांना ती बंदुका व काडतुसे पुरवीत असे.

मॅन्टन बंदुकांचा अभ्यास

पेढी मोडल्यामुळे मॅन्टन यांचा इतिहास सलग हिशेबवह्यांच्या आधारे सांगता येत नाही. पेटंटची कागदपत्रे, न्यायालयीन अहवाल, जुन्या निर्देशिकांतील पत्ते, हॉकर यांची रोजनिशी आणि प्रत्यक्ष बंदुका यांच्या साह्याने तो जुळवावा लागतो. बंदुकीवर कोरलेला अनुक्रमांक हा त्यातील मुख्य धागा आहे. नळीवर डेव्हिस स्ट्रीटचा पत्ता असल्यास ती साधारणतः इ.स. १८१९ पूर्वीची आणि हॅनोव्हर स्क्वेअरचा असल्यास त्यानंतरची समजतात. लंडनच्या बंदूक-कारागीर संघाला इ.स. १६३७ मध्ये सनद मिळाली होती. नळ्यांची चाचणी घेऊन हा संघ त्यांवर मुकुटचिन्हांकित शिक्के उमटवी, तेही तपासले जातात.

या कामात दोन अडचणी येतात. मॅन्टन यांच्या अनेक चकमकीच्या बंदुका मालकांनी नंतर टोपीच्या करून घेतल्या, त्यामुळे नळी एका काळातील व चापाची यंत्रणा दुसऱ्या काळातील असे घडते. दुसरी अडचण नकली बंदुकांची. मॅन्टन हे नाव इतके खपत असे की हलक्या प्रतीच्या असंख्य बंदुकांवर ते बिनदिक्कत कोरले गेले. म्हणून नावावर विसंबून न राहता अनुक्रमांक, पत्ता, शिक्के आणि घडण या चारही गोष्टी एकमेकींशी जुळतात की नाही, हे पाहावे लागते. कीथ नील व डेव्हिड बॅक या अभ्यासकांनी अशा रीतीने अनेक बंदुका तपासून मॅन्टन बंधूंवरील आपला ग्रंथ इ.स. १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. नंतर उजेडात आलेल्या बंदुकांच्या नोंदी देणारी त्याची पुरवणी इ.स. १९७८ मध्ये निघाली.