कोटितीर्थाच्या काठावरचे आबालाल



आजचं वाचन गीतेचा बारावा अध्याय, शेवटचे श्लोक. भक्त कसा असतो ते भगवंत तिथे सांगतात. निंदा-स्तुती सारखीच मानणारा, मिळेल त्यात समाधानी, घरादारात न अडकलेला. खरं सांगतो, दरवेळी इथे आलो की मी अडखळतो. कोपरखैरण्यातल्या घराचा हप्ता अजून बरीच वर्षं चालणार आहे आणि अप्रेझलचा मेल आला की पोटात गोळा येतो. अशा माणसाने हे वाचायचं तरी कसं? म्हणून आज अर्थ सांगत बसत नाही. एका माणसाबद्दल लिहितो. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान.

त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचं काम चालायचं. लहानगा आबालाल वडिलांशेजारी बसून अक्षर गिरवायला शिकला. मला हे चित्र फार आवडतं. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या पोथ्याही अशाच कुणीतरी मान मोडून उतरवल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या. ग्रंथ वेगळा, पण बसण्याची रीत तीच. घाई केली की अक्षर बिघडतं.

पुढे ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. तिथली त्यांची रेखाटनं इतकी पक्की होती की संस्थेने ती जपून ठेवली. मुंबईत राहिले असते तर नाव, पैसा, गिऱ्हाइकं, सगळं होतं. (आपल्या भाषेत, ऑनसाइटची ऑफर हातात होती.) पण ते कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ तलावाच्या परिसरात साधेपणाने राहिले.

तोच तलाव त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. सकाळचा, संध्याकाळचा, झाडांच्या सावल्या पडलेला. रंकाळा, पंचगंगेचा परिसरही. सुरुवातीची त्यांची चित्रं अगदी रेखीव, शाळेत शिकवल्यासारखी. नंतर हात मोकळा झाला. रेषा मागे पडली आणि पाण्यावरचा उजेडच पुढे आला. युरोपात तेव्हा चित्रकार असाच उजेडाचा पाठलाग करत होते. आबालाल मात्र कोल्हापूर सोडून तिकडे पाहायला गेले नव्हते.

जर्मनीत त्यांच्या आधी कास्पर डेव्हिड फ्रीडरिख (1774–1840) होऊन गेले. त्यांनी डोंगरावरचा क्रूस आणि मागे उजळलेलं आकाश रंगवून ते वेदीसाठीचं चित्र म्हणून मांडलं, तेव्हा टीका झाली की निसर्गचित्राला वेदीवर जागा कशी? आबालालांना असा वाद घालावा लागल्याचं मी कुठे वाचलं नाही. ते आपले तलावाकाठी बसत.

राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. महाराजांना माणूस ओळखता यायचा. दरबारात मान मिळूनही आबालालांची राहणी फकिरासारखीच राहिली. विकत आणायला पैसे नसले तर रंगसुद्धा स्वतः बनवायचे, असं सांगतात. 1922 मध्ये महाराज गेले. आबालाल आणखी नऊ वर्षं जगले आणि 1931 च्या डिसेंबरमध्ये वारले. आयुष्यभर काढलेल्या ढीगभर चित्रांतली आज फार थोडी उरली आहेत. इथे मी थांबतोच. बॅकअप न घेता माणूस इतकं काम कसं करतो, हा माझा अगदी इंजिनिअरी प्रश्न. पण कोल्हापुरात पुढे चित्रकारांची जी परंपरा उभी राहिली, ती त्यांना आपल्या पूर्वसुरींत मोजते.

आता घरचं. आमचे बाबा रिटायर झाल्यापासून रोज वहीत हरिपाठ उतरवायचे. पूर्ण झाला की पुन्हा पहिल्यापासून. मागच्या महिन्यात रिलीजच्या गडबडीत मी त्यांना म्हणालो, बाबा, पीडीएफ आहे की फोनवर, कशाला हात दुखवून घेता? ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून लिहिणं बंद.

आबालाल वाचताना ते वडिलांशेजारी बसलेलं पोर डोळ्यांसमोर आलं आणि मला नीट झोप लागली नाही. काल ऑफिसातून येताना स्टेशनबाहेर दोनशे पानी वही घेतली, आणि बाबांना आवडतं तसं शाईचं पेन. बाबांनी अजून उघडलेली नाही. देवघराशेजारी ठेवली आहे. आज रात्री जेवणानंतर पहिला अभंग मीच उतरवायला बसणार आहे. माझं अक्षर भयंकर आहे, ते बघून तरी बाबा उठून येतील.