न्यायाला उशीर नको : न्यायमूर्ती एल्बर्ट टटल यांचा जीवनप्रवास

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात मे १९६३ मध्ये हजारो शाळकरी मुले रस्त्यावर उतरली होती. कृष्णवर्णीयांना समान वागणूक मिळावी, या मागणीसाठी निघालेल्या त्यांच्या मोर्चांवर पोलिसांनी कुत्रे सोडले, पाण्याचे जोरदार फवारे मारले आणि मुलांना गाड्यांत कोंबून तुरुंगात नेले. त्यानंतर २० मे रोजी शहराच्या शिक्षण मंडळाने अटक झालेल्या एक हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना शाळेतून निलंबित केले किंवा काढून टाकले. शैक्षणिक वर्ष संपायला थोडेच दिवस उरले होते. अनेकांचे संपूर्ण वर्ष वाया जाणार होते. २२ मे रोजी स्थानिक संघीय न्यायाधीशांनी या मुलांना दिलासा देण्यास नकार दिला. मुलांच्या वकिलांनी तातडीने जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे धाव घेतली. तेथील अपील न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांनी त्याच दिवशी सुनावणी घेतली आणि संध्याकाळीच मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला.

हे मुख्य न्यायाधीश होते एल्बर्ट पार टटल. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्याचा इतिहास सांगताना डॉ. मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स यांची नावे सहज ओठांवर येतात. मात्र रस्त्यावर मिळवलेला नैतिक विजय कायद्याच्या भाषेत उतरवून प्रत्यक्षात आणण्याचे काम ज्या मोजक्या न्यायाधीशांनी केले, त्यांत टटल यांचे स्थान अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १७ जुलै १८९७ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे झाला. पुढे कुटुंब हवाई बेटांवर स्थायिक झाले आणि होनोलुलू येथील पुनाहू शाळेत त्यांचे शिक्षण झाले. कालांतराने बराक ओबामा हेही याच शाळेत शिकले. अनेक वंशांची मुले एकत्र शिकत आणि खेळत असलेल्या वातावरणात टटल यांचे बालपण गेले. त्वचेच्या रंगावरून माणसाची पायरी ठरवणारा दक्षिणेकडील समाज त्यांनी पाहिला तो प्रौढ वयात. त्यामुळे त्या समाजाचे रूढ नियम त्यांना कधीही स्वाभाविक वाटले नाहीत.

न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठातून १९१८ मध्ये पदवी घेतल्यानंतर पहिल्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यात होते. काही वर्षे पत्रकारिता करून त्यांनी १९२३ मध्ये त्याच विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळवली. सारा सदरलँड यांच्याशी त्यांचा विवाह १९१९ मध्ये झाला होता. साराचे बंधू विल्यम सदरलँड यांच्यासह त्यांनी अटलांटा येथे वकिलीची पेढी सुरू केली. करविषयक कायदा हे या पेढीचे मुख्य क्षेत्र होते. उत्पन्न चांगले होते आणि प्रतिष्ठाही मिळत होती.

तुरुंगाबाहेरचा जमाव

मे १९३१ मधील एका प्रसंगाने टटल यांच्या आयुष्याला निराळे वळण दिले. जॉर्जियातील एल्बर्टन या गावी जॉन डाउनर या कृष्णवर्णीय तरुणावर बलात्काराचा आरोप होता. त्याला ठार मारण्यासाठी संतप्त जमावाने तुरुंगाला वेढा घातला. राज्याच्या नॅशनल गार्ड दलात अधिकारी असलेले टटल तेथे पोहोचले. जमावाला थोपवून, कैद्याला सैनिकाचा गणवेश चढवून तेथून सुखरूप बाहेर काढण्यात आले.

त्याचा जीव तात्पुरता वाचला, पण न्याय मिळाला नाही. काही दिवसांतच त्याच्यावर खटला चालला, तोही जमावाच्या दहशतीच्या छायेत, आणि एका दिवसात फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. जमावापासून वाचवलेल्या माणसाला न्यायालयाच्या आवारात तशाच घाईने मरणाच्या दारी ढकलले जाणे टटल यांना मान्य नव्हते. त्यांनी आणि सदरलँड यांनी त्याचे वकीलपत्र घेतले आणि संघीय अपील न्यायालयाकडून त्याच्या बाजूने निकाल मिळवला. पुन्हा खटला झाला; मात्र ज्युरीने त्याला पुन्हा दोषी ठरवले आणि १९३४ मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. लढाई हरली होती, पण जमावाच्या दबावाखाली चाललेला खटला हा खटलाच नव्हे, हे तत्त्व टटल यांच्या मनात कायमचे कोरले गेले.

त्यानंतर आणखी एक प्रकरण त्यांच्याकडे आले. खोट्या नोटा बाळगल्याच्या आरोपावरून जॉन्सन नावाच्या एका नौसैनिकाला वकिलाविनाच खटल्याला सामोरे जावे लागले होते आणि तो अटलांटाच्या तुरुंगात साडेचार वर्षांची शिक्षा भोगत होता. टटल यांनी कोणतेही शुल्क न घेता त्याची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली. १९३८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, संघीय फौजदारी खटल्यात आरोपीला वकील मिळणे हा त्याचा घटनादत्त हक्क आहे. वकील परवडत नसेल तर तो नेमून दिला पाहिजे. अमेरिकी कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल आजही शिकवला जातो.

दुसऱ्या महायुद्धात वयाची चाळिशी ओलांडल्यानंतरही त्यांनी कार्यालयीन जबाबदारी नाकारून आघाडीवर जाणे पसंत केले. पॅसिफिक महासागरातील मोहिमांत त्यांनी तोफखान्याच्या एका तुकडीचे नेतृत्व केले. १९४५ मध्ये ओकिनावाजवळच्या इए शिमा बेटावर झालेल्या हातघाईच्या लढाईत ते जखमी झाले. युद्धानंतर राखीव दलात ते ब्रिगेडियर जनरल पदापर्यंत पोहोचले.

दक्षिणेतील रिपब्लिकन

त्या काळी जॉर्जियात डेमोक्रॅटिक पक्षाची एकहाती सत्ता होती आणि हाच पक्ष तेथे वर्णभेदाचा आधारस्तंभ होता. टटल यांनी म्हणूनच रिपब्लिकन पक्षाची वाट धरली. १९५२ च्या निवडणुकीत त्यांनी जनरल ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या उमेदवारीसाठी जॉर्जियातील प्रतिनिधींचे नेतृत्व केले. आयझेनहॉवर अध्यक्ष झाल्यावर टटल अर्थखात्याचे मुख्य विधी सल्लागार झाले. १९५४ मध्ये अध्यक्षांनी त्यांची पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयावर नियुक्ती केली.

येथे अमेरिकेची न्यायव्यवस्था थोडी समजून घेणे आवश्यक आहे. भारतात तालुका न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकच साखळी आहे. अमेरिकेत राज्यांची न्यायालये वेगळी आणि संघराज्याची न्यायालये वेगळी. संघीय खटले प्रथम जिल्हा न्यायालयात चालतात आणि त्यावरील अपिले परिमंडळ अपील न्यायालयाकडे जातात. प्रत्येक परिमंडळात काही राज्ये असतात आणि सामान्यतः तीन न्यायाधीशांचे पीठ अपील ऐकते. सर्वोच्च न्यायालय फारच थोडी प्रकरणे स्वीकारत असल्याने बहुतेक पक्षकारांसाठी अपील न्यायालयाचा शब्द हाच अंतिम असतो. संघीय न्यायाधीशांची नियुक्ती तहहयात असते. त्यांना मतदारांपुढे जावे लागत नाही.

टटल यांच्या वेळी पाचव्या परिमंडळात टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया आणि फ्लोरिडा ही सहा राज्ये होती. वर्णभेदाची पाळेमुळे ज्या भूमीत सर्वांत खोल रुजली होती, तोच हा प्रदेश. टटल यांच्या नियुक्तीच्या थोडेच आधी, १७ मे १९५४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले होते. मात्र ते संपवण्यासाठी निश्चित मुदत घालून दिली नाही. दक्षिणेतील राज्यकर्त्यांनी या पळवाटेचा पुरेपूर लाभ घेतला. निकाल कागदावर राहणार की प्रत्यक्षात उतरणार, हे आता पाचव्या परिमंडळाच्या हाती होते.

चौघे न्यायाधीश

या न्यायालयात टटल यांना तीन समविचारी सहकारी लाभले. अलाबामाचे रिचर्ड राइव्हज, लुइझियानाचे जॉन मायनर विज्डम आणि टेक्सासचे जॉन ब्राऊन. राइव्हज डेमोक्रॅट होते, बाकीचे तिघे रिपब्लिकन. त्यांचेच सहकारी, मिसिसिपीचे न्यायाधीश बेन कॅमेरून यांनी १९६३ मध्ये आपल्या असहमतीच्या निकालपत्रात या गटाला ‘चौघे’ असे संबोधले. हेतू टीकेचा होता, पण पुढे हेच नाव गौरवाचे ठरले. मुख्य न्यायाधीश या नात्याने पीठे नेमताना टटल नागरी हक्कांच्या खटल्यांत आपल्या विचारांच्या न्यायाधीशांना झुकते माप देतात, असा कॅमेरून यांचा आरोप होता. या आरोपाने न्यायालयात तणाव निर्माण झाला आणि इतिहासकारांनीही त्याची चर्चा केली आहे.

या न्यायाधीशांना समाजाने एकटे पाडले. जुन्या मित्रांनी बोलणे सोडले, द्वेषाने भरलेली पत्रे आणि धमक्यांचे दूरध्वनी येऊ लागले. माँटगोमेरी शहरातील बसमधील वर्णविभाजन रद्द करणाऱ्या १९५६ च्या निकालात सहभागी झालेल्या राइव्हज यांच्या दिवंगत मुलाच्या थडग्याचीही विटंबना करण्यात आली.

टटल डिसेंबर १९६० मध्ये मुख्य न्यायाधीश झाले आणि महिन्याभरातच कसोटीचा क्षण आला. १७८५ मध्ये स्थापन झालेल्या जॉर्जिया विद्यापीठात तोपर्यंत एकाही कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला नव्हता. जिल्हा न्यायाधीश विल्यम बूटल यांनी शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स या दोघांना प्रवेश देण्याचा आदेश दिला. मात्र ९ जानेवारी १९६१ रोजी, अपिलासाठी वेळ मिळावा म्हणून, त्यांनी स्वतःच त्याला स्थगिती दिली. टटल यांनी त्याच दिवशी सुनावणी घेऊन ती स्थगिती उठवली. दोघांचा प्रवेश झाला. दोन दिवसांनी विद्यापीठाच्या आवारात दंगल उसळली आणि त्यांना काही काळ घरी पाठवले गेले, पण न्यायालयाच्या आदेशाने ते परतले. पुढे होम्स नामांकित अस्थिशल्यचिकित्सक झाले आणि हंटर ख्यातनाम पत्रकार झाल्या.

टटल यांचे वेगळेपण येथेच होते. वर्णभेदाचे समर्थक राजकारणी आणि काही न्यायाधीश निकाल उघडपणे नाकारण्याऐवजी तारखा, स्थगिती आणि तांत्रिक आक्षेप यांच्या आधारे वर्षानुवर्षे काढत. विद्यार्थ्याचे शिक्षणाचे वय निघून गेले किंवा निवडणूक होऊन गेली, की उशिरा मिळालेल्या निकालाला अर्थच उरत नसे. हे हत्यार टटल यांनी निकामी केले. मतदार नोंदणीत कृष्णवर्णीयांवर होणारा अन्याय थांबवण्यासाठी सरकारने मिसिसिपीतील फॉरेस्ट परगण्याचे निबंधक थेरन लिंड यांच्यावर खटला भरला होता. जिल्हा न्यायाधीश निर्णयच देत नव्हते. एप्रिल १९६२ मध्ये टटल यांनी लिहिलेल्या निकालपत्रात, निर्णय न देणे म्हणजे प्रत्यक्षात मनाई हुकूम नाकारणेच होय, असे ठरवून अपील न्यायालयाने अपील प्रलंबित असतानाच स्वतः मनाई हुकूम दिला. ही पद्धत पुढे पाचव्या परिमंडळाचे प्रभावी साधन बनली. बर्मिंगहॅमच्या मुलांना मिळालेला दिलासा याच मार्गावरचा होता.

जुलै १९६२ मध्ये जॉर्जियातील ऑल्बनी येथे डॉ. किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मोर्चे काढण्यास जिल्हा न्यायाधीशांनी बंदी केली. डॉ. किंग यांनी न्यायालयाचा मान राखून मोर्चा थांबवला. चारच दिवसांत टटल यांनी हा आदेश रद्द केला. त्याच वर्षी मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ यांना प्रवेश देण्याच्या निर्णयावर न्यायाधीश कॅमेरून यांनी एकामागून एक चार स्थगिती आदेश काढले. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपाने अडथळा दूर झाला. ३० सप्टेंबरच्या रात्री झालेल्या दंगलीत दोघांचा बळी गेला आणि दुसऱ्या दिवशी मेरेडिथ यांचा प्रवेश नोंदवला गेला.

१९६४ चा नागरी हक्क कायदा लागू होताच अटलांटातील एका मोटेलच्या मालकाने त्याला आव्हान दिले. टटल यांचा समावेश असलेल्या त्रिसदस्यीय पीठाने कायदा वैध ठरवला आणि डिसेंबर १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. व्हिएतनाम युद्धाला विरोध केल्याबद्दल निवडून आलेले कृष्णवर्णीय प्रतिनिधी ज्युलियन बाँड यांना जॉर्जिया विधिमंडळाने सदस्यत्व नाकारले, तेव्हा त्रिसदस्यीय पीठाचा बहुमताचा निर्णय बाँड यांच्या विरोधात गेला. टटल यांनी एकट्याने वेगळे मत नोंदवले. डिसेंबर १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बाँड यांच्या बाजूने कौल दिला.

वयोमर्यादेमुळे १९६७ मध्ये त्यांनी मुख्य न्यायाधीशपद सोडले, परंतु ज्येष्ठ न्यायाधीश म्हणून त्यांचे काम पुढे अनेक वर्षे चालू राहिले. जानेवारी १९८१ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांना स्वातंत्र्यपदक हा देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान प्रदान केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाचव्या परिमंडळाचे विभाजन झाले. जॉर्जिया, अलाबामा आणि फ्लोरिडा यांचे नवे अकरावे परिमंडळ अस्तित्वात आले आणि टटल त्याचे न्यायाधीश झाले. अटलांटा येथील या न्यायालयाच्या इमारतीला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले. २३ जून १९९६ रोजी वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

टटल यांनी कोणतीही चळवळ उभारली नाही. राज्यघटनेत लिहिलेले वचन हे त्याच दिवशी, त्याच माणसासाठी पाळायचे असते, एवढेच त्यांनी मानले. बर्मिंगहॅमची ती मुले शाळेत परतली आणि त्यांचे वर्ष वाचले. न्यायालयाच्या एका वेळेवर दिलेल्या आदेशाचे मोल त्यांच्याइतके क्वचितच कोणाला कळले असेल.