विल्यम हॅडन

विल्यम हॅडन ज्युनियर (२४ मे १९२६ – ४ मार्च १९८५) हे अमेरिकन वैद्यक, साथरोगशास्त्रज्ञ व रस्ता सुरक्षा प्रशासक होते. रस्त्यावरील मृत्यू म्हणजे केवळ चालकाची चूक किंवा दैवदुर्विलास नव्हे, तर रोगाप्रमाणे कारणे शोधून आटोक्यात आणता येणारी ती सार्वजनिक आरोग्याची समस्या आहे, हा विचार त्यांनी संशोधनात आणि शासकीय धोरणात रुजवला. चालक, वाहन व रस्ता यांचा एकत्रित विचार करणारा ‘हॅडन तक्ता’ त्यांच्या नावाने ओळखला जातो.

शिक्षण आणि सुरुवातीचे संशोधन

हॅडन यांचा जन्म न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज येथे झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पदवी घेतल्यावर त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातून १९५३ साली वैद्यकीय व १९५७ साली सार्वजनिक आरोग्याची पदवी मिळवली. पुढे ते न्यू यॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात रुजू झाले.

मॅनहॅटनमध्ये वाहनांखाली मृत्यू पावलेल्या प्रौढ पादचाऱ्यांचा त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला. अपघाताच्याच जागी, त्याच वारी व त्याच वेळी जाणाऱ्या इतर पादचाऱ्यांशी मृतांची तुलना करण्यात आली. मृतांमध्ये वृद्ध आणि मद्यप्राशन केलेल्या व्यक्तींचे प्रमाण अधिक आढळले. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या चालकांच्या अभ्यासातही मद्याचा वाटा स्पष्ट झाला. माणसाच्या वर्तनाचे महत्त्व हॅडन यांनी कधी नाकारले नाही. मात्र उपाय वर्तनापुरतेच मर्यादित ठेवणे त्यांना मान्य नव्हते.

ऊर्जेचा सिद्धान्त आणि हॅडन तक्ता

इजा ही शरीराला सोसवणार नाही इतकी ऊर्जा त्यावर आदळल्याने होते, हा मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी मांडलेला विचार हॅडन यांनी विस्तारला. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. १९७० च्या एका लेखात त्यांनी अशा मोकळ्या सुटलेल्या ऊर्जेची तुलना पिंजऱ्यातून निसटलेल्या वाघांशी केली.

हॅडन तक्त्यात अपघातापूर्वी, अपघातसमयी व अपघातानंतर असे तीन टप्पे असून प्रत्येक टप्प्यात मनुष्य, वाहन आणि परिसर यांचा स्वतंत्र विचार केला जातो. १९७३ साली त्यांनी ऊर्जेपासून होणारी हानी टाळण्याचे १० मार्ग मांडले. ऊर्जा कमी करणे, हा त्यांपैकी एक. वेगमर्यादा हे त्याचे उदाहरण होय. पायी चालणारा माणूस आणि भरधाव मोटार यांच्या वेगांत मोठी तफावत असल्याने त्यांना पदपथाद्वारे जागेने किंवा सिग्नलद्वारे वेळेने वेगळे करणे, हा दुसरा मार्ग होय.

शासकीय कारकीर्द

१९६६ साली अमेरिकेत वाहन सुरक्षा व महामार्ग सुरक्षा यांविषयीचे कायदे संमत झाले. त्यांच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या संघराज्यीय यंत्रणेचे हॅडन हे पहिले प्रमुख होते. त्यांच्या कारकिर्दीत वाहनांसाठीची पहिली राष्ट्रीय सुरक्षा मानके जारी झाली. १९६८ पासून नव्या मोटारींत सीट बेल्ट आणि धडकेचा जोर शोषणारा स्टिअरिंगचा दांडा बंधनकारक झाला. १९६९ साली ते या पदावरून पायउतार झाले.

विमा संस्थेतील कार्य

त्यानंतर मृत्यूपर्यंत ते विमा कंपन्यांच्या निधीवर चालणाऱ्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेचे अध्यक्ष होते. जॉर्जिया राज्यात रस्त्याकडेच्या झाडांवर, खांबांवर वाहने आदळून झालेल्या जीवघेण्या अपघातांची स्थळे संस्थेच्या संशोधनात त्याच रस्त्यावर एक मैल अलीकडच्या जागांशी ताडून पाहण्यात आली. तीव्र वळण आणि उतार जेथे होता, तेथे असे अपघात अधिक आढळले. त्यामुळे धोक्याच्या जागा आधीच ओळखून तेथील अडथळे हटवणे शक्य असल्याचे दिसून आले.

शालेय वाहनचालन प्रशिक्षणाविषयीचे निष्कर्ष अधिक वादग्रस्त ठरले. कनेक्टिकट राज्यातील काही शाळांनी हे प्रशिक्षण बंद केल्यावर १६-१७ वर्षांच्या मुलांनी परवाने घेण्याचे आणि त्यांच्या गंभीर अपघातांचे प्रमाण घटले, असे १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. प्रशिक्षणामुळे कौशल्य वाढण्यापेक्षा मुले लवकर रस्त्यावर येत होती, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

एअरबॅग किंवा आपोआप आवळले जाणारे पट्टे सक्तीचे करावेत, यासाठी हॅडन यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. वाहन उद्योगाच्या विरोधामुळे हा नियम वारंवार लांबला आणि १९८१ साली रद्द झाला. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करण्याची पद्धत मनमानी ठरवली आणि १९८४ साली शासनाने नवा आदेश काढला.

मृत्यू आणि प्रभाव

मूत्रपिंडाच्या विकाराने वॉशिंग्टन येथे वयाच्या ५८ व्या वर्षी हॅडन यांचे निधन झाले. अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींत एअरबॅग सक्तीची होण्यास त्यानंतर दशकाहून अधिक काळ लागला. जागतिक आरोग्य संघटना व जागतिक बँक यांच्या रस्ते अपघातांविषयीच्या २००४ च्या अहवालात हॅडन तक्त्याचा आधार घेण्यात आला. माणसाकडून चूक होणारच हे गृहीत धरून त्या चुकीने जीव जाणार नाही असे रस्ते व वेग ठरवावेत, हे स्वीडनच्या संसदेने १९९७ साली स्वीकारलेले धोरणही याच विचाराशी जुळणारे आहे.