दिव्याखालचा अंधार

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली लागला आणि काचेच्या व्हॉल्व्हचे दिवस भरले, असे सगळ्यांनीच गृहीत धरले. पण अमेरिकेपासून जपानपर्यंत आजही अशी माणसे आहेत की जी रात्रीची जेवणे आटोपली की टेबलावर पत्र्याची चासी मांडतात आणि हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जुळवत बसतात. त्यांतही कडवा पंथ ‘सिंगल एंडेड’वाल्यांचा. सूर वर चढो की खाली उतरो, ध्वनीची अख्खी लाट एकाच व्हॉल्व्हने वाहून न्यायची, हा त्यांचा नेम. ‘पुश-पुल’ पद्धतीत दोन व्हॉल्व्ह हा भार वाटून घेतात. इथे वाटेकरी नाही.

हा हट्ट महागात पडतो. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९३८ मध्ये काढलेला ‘३०० बी’ हा या पंथाचा आवडता व्हॉल्व्ह. त्यातून आठ-एक वॅटचा आवाज काढायचा, तर गाणे चालू असो वा नसो, त्याच्या दुपटीहून अधिक वीज सतत जाळावी लागते. शिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून अखंड एकाच दिशेने प्रवाह वाहतो. त्याने लोखंडी गाभा भारून जाऊ नये म्हणून गाभ्यात बारीक फट ठेवावी लागते, आणि मग ट्रान्सफॉर्मरचे धूड वाढते. व्हॉल्व्ह थोडी भेसळही करतो, पण ती मुख्यत्वे मूळ सुराच्या वरच्या सप्तकातल्या त्याच सुराची. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ती खुपत नाही. आपल्याकडचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओही बहुधा याच कुळातला होता. शेवटच्या टप्प्यावर एकच व्हॉल्व्ह. हौशी मंडळी अशा रेडिओतल्या पेन्टोडची दुसरी जाळी प्लेटला जोडतात आणि त्याला ट्रायोडसारखा चालवतात. जोडायची तार वीतभर, पण ती जोडताना आपण शंभराहून अधिक वर्षे मागे जातो. कारण ट्रायोड म्हणजे ली डी फॉरेस्ट.

डी फॉरेस्टचा जन्म १८७३ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. वडील धर्मोपदेशक. १८७९ मध्ये ते अलाबामातल्या टॅलाडेगा कॉलेजचे प्रमुख झाले. कॉलेज कृष्णवर्णीयांसाठीचे, त्यामुळे गावातल्या गोऱ्यांनी या कुटुंबाला वाळीत टाकल्यासारखेच केले. मुलाने आपल्यासारखे धर्मकार्य करावे ही वडिलांची इच्छा. मुलाला यंत्रांचा आणि कीर्तीचा ध्यास. येल विद्यापीठात विद्युतलहरींवर प्रबंध लिहून १८९९ मध्ये तो डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. मार्कोनीच्या नावाचा डंका वाजत होता आणि या तरुणाला त्याच आखाड्यात उतरायचे होते.

१९०४ मध्ये इंग्लंडात फ्लेमिंगने दोन अग्रांचा व्हॉल्व्ह केला. तापलेल्या तंतूतून निघालेले इलेक्ट्रॉन समोरची प्लेट ओढून घेते. प्रवाह एकाच दिशेने जातो. १९०६ च्या अखेरीस डी फॉरेस्टने तंतू आणि प्लेट यांच्यामध्ये वाकडी-तिकडी वळवलेली एक तार बसवली. हीच ती जाळी. पाटाच्या पाण्यावरचे दार बोटभर सरकवले की शेतात जाणारे पाणी कमी-जास्त होते. तसे जाळीवरच्या इवल्याशा विद्युतदाबाने प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह हलतो. या नळीला त्याने ‘ऑडिऑन’ म्हटले. १९०८ च्या फेब्रुवारीत पेटंट हाती आले.

पण हे दार आपण नेमके कशावर बसवले आहे, हे त्याला उमगलेच नव्हते! नळीत उरलेला वायू हाच सारी करामत करतो अशी त्याची समजूत होती. त्यामुळे हवा पुरती काढून टाकायला तो तयार नसे. परिणामी दोन ऑडिऑन एकसारखे वागत नसत. कानाला लावून संदेश टिपण्याचे साधन, एवढीच त्याची पहिली काही वर्षे ओळख होती. तो आवाज वाढवू शकतो हे डी फॉरेस्टला आणि त्याच्या सहकाऱ्यांना कळले १९१२ साली, कॅलिफोर्नियात, एकामागे एक नळ्या जोडल्यावर.

त्याच वर्षी पोलीसही दारी आले. त्याच्या कंपन्यांचे समभाग भोळ्याभाबड्या लोकांच्या गळ्यात मारले गेले होते. टपालाद्वारे फसवणूक केल्याचा खटला १९१३ मध्ये उभा राहिला आणि ज्याची किंमत शून्य अशा दिव्यावर या कंपनीने पैसे उकळले, असा सरकारी बाजूचा युक्तिवाद होता. १९१४ च्या आरंभी डी फॉरेस्ट सुटला. दोन सहकाऱ्यांना शिक्षा झाली. गंमत अशी की खटला उभा राहिला त्याच वर्षी अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीने याच दिव्याचे टेलिफोनपुरते हक्क ५०,००० डॉलरला घेतले होते. कंपनीच्या हॅरोल्ड अरनॉल्डने दोष ओळखला आणि नळी पुरती निर्वात केली. त्या नळ्यांच्या बळावर जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोशी टेलिफोनवर बोलणे सुरू झाले.

इकडे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडविन आर्मस्ट्राँग नावाचा विद्यार्थी ऑडिऑनची मोजमापे घेत बसला होता. जाळीवर इतका दाब, तर प्लेटमधून इतका प्रवाह, असे आलेख काढून नळी कशी चालते हे त्याने १९१४ मध्ये लेख लिहून समजावले. नळीतून निघालेली ऊर्जा पुन्हा जाळीकडे वळवून आवाज अनेक पटींनी वाढवण्याची युक्तीही त्याने काढली. त्यावर डी फॉरेस्टने हक्क सांगितला आणि जवळपास वीस वर्षे कज्जा चालला. १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला डी फॉरेस्टच्या बाजूने! रेडिओ इंजिनिअरांना तो पटला नाही. आर्मस्ट्राँग आपले पदक परत करायला त्यांच्या अधिवेशनात गेला, तर संस्थेने ते घ्यायला नकार दिला आणि सभागृह त्याच्या सन्मानार्थ उभे राहिले. पुढे एफएमच्या पेटंटांसाठी वेगळ्याच बलाढ्य कंपनीशी झगडून थकलेल्या आर्मस्ट्राँगने १९५४ मध्ये आत्महत्या केली.

आयुष्य बँकेच्या नोकरीत गेल्यामुळे मला मालकी आणि जाण यांतला फरक रोज दिसत असे. सात-बारा एकाच्या नावावर आणि जमिनीची नस दुसऱ्याला ठाऊक, असे कितीतरी कर्जदार टेबलासमोर बसत. ऑडिऑनची कथा तशीच. १९१६ मध्ये एका न्यायालयाने ठरवले की ऑडिऑनने फ्लेमिंगच्या हक्कावर अतिक्रमण केले आहे. म्हणजे फ्लेमिंगचे पेटंट असलेल्या मार्कोनी कंपनीला जाळी बसवता येईना आणि डी फॉरेस्टला व्हॉल्व्ह करता येईना. खाते दोघांच्या सह्यांचे आणि दोघांत अबोला! कागद सगळे खरे, आणि तरीही कागदात माणसाचे पूर्ण माप येत नाही.

डी फॉरेस्टला मात्र सगळे माप आपल्याच पदरात हवे होते. १९२३ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये फिल्मच्या कडेला ध्वनी छापून बोलणारी चित्रे दाखवली, पण चित्रपटसृष्टीचा पैसा दुसऱ्यांनीच नेला. चार लग्ने झाली, कंपन्या उघडल्या आणि बुडाल्या. १९५० च्या आत्मचरित्राला त्याने ‘रेडिओचा जनक’ असेच नाव दिले. चित्रपटांना आवाज दिल्याबद्दल १९६० च्या समारंभात मानाचे ऑस्कर मिळाले. ३० जून १९६१ रोजी हॉलिवूडमध्ये तो वारला, तेव्हा बँकेत जेमतेम १,२५० डॉलर होते.

त्याला लबाड म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण ती वाकडी तार त्यानेच बसवली, हेही तितकेच खरे. फ्लेमिंगसारख्या जाणत्या विद्वानाला ती सुचली नाही. अर्धवट समजलेल्या, पण हात न थांबवणाऱ्या माणसाला सुचली. जाण नंतर आली, आणि ती दुसऱ्यांकडून आली.

आज चासीवर वाकलेला हौशी माणूस प्लेटच्या आलेखावर पट्टी ठेवून भाररेषा आखतो, तेव्हा तो आर्मस्ट्राँगच्या वाटेने चालत असतो. निर्वात काच अरनॉल्डची. तारांना आता ना पेटंट, ना खटला. धोका आहे तो फक्त वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये दबा धरून राहिलेल्या तीन-चारशे व्होल्टचा. सगळे डाग तपासून तो बटण दाबतो. तंतू लालसर होतो, मंद गुणगुण येते आणि मग गाणे. मधली जाळी तापत नाही, उजळत नाही, काचेतून धड दिसतही नाही. सारा आवाज तिच्या इशाऱ्यावर चाललेला असतो.