फादर स्टीफन्स : साष्टीचे पुराणकर्ते

फादर थॉमस स्टीफन्स यांचा आपल्या धर्मग्रामाशीं प्रत्यक्ष संबंध नाहीं; तथापि ज्या भाषेंत आज आपण देवाचें स्तवन करतों, तिचे ते मोठे ऋणको आणि तितकेच मोठे उपकारकर्ते होत.

इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. त्या राज्यांत तेव्हां कॅथलिक असणें धोक्याचें होतें. १५७५ सालीं ते रोम येथें येशूसंघांत दाखल झाले; ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन सोडून २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोंचले. पुढील आयुष्य बहुतेक साष्टी प्रांतींच गेलें. मायदेशीं ते परत गेले नाहींत.

साष्टीची तत्कालीन स्थिति झांकून ठेवणें योग्य नव्हे. १५६७ सालीं तेथील देवालयें पोर्तुगीज सत्तेनें पाडलीं होतीं. लोकांच्या पोथ्यांवर बंदी आली होती. ह्या संतापाची परिणति जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें झाली व पांच येशूसंघीय मारले गेले. नंतर गांवच्या पुढाऱ्यांना बोलणें करण्याच्या मिषानें बोलावून ठार करण्यांत आलें. आपल्या सहकाऱ्यांचे देह मिळवून आणण्याच्या कामीं फादर स्टीफन्स होते.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यांनीं आपल्या बंधूस पत्र लिहिलें. एवढ्या शोकानंतर माणूस ह्या देशाविषयीं कटु लिहील, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. परंतु येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळते, हें त्यांनीं त्या पत्रांत नमूद केलें. सर विल्यम जोन्स यांनीं हा विचार कलकत्त्यास मांडला तो १७८६ सालीं, म्हणजे दोनशें वर्षांनीं!

त्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभीं एक प्रसंग आहे. धर्मशिक्षण आटोपल्यावर एक ब्राह्मण ख्रिस्ती गुरूंस विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण कां देत नाहीं? मला हा प्रश्न नेहमीं अस्वस्थ करतो. विचारणारा धर्माच्या विरुद्ध बोलत नाहीं. एकत्र बसून कथा ऐकण्याचें आपलें सुख हरपलें, एवढेंच तो सांगतो. पाद्रीबुवांना तें ऐकूं आलें, ही त्यांची थोरवी.

उत्तर देण्यासाठीं त्यांना आधीं शिष्य व्हावें लागलें. प्रवचनें युरोपीय वळणावर लिहून त्यांचें भाषांतर करविणें सोपें होतें. त्यांनीं मराठी कवींची ओवी हातीं घेतली. जवळजवळ अकरा हजार ओव्या, पैलें व दुसरें अशीं दोन पुराणें, अध्यायांस नांव 'अवस्वरू', स्वर्गास शब्द 'वैकुंठ'. सामान्य जनांस शुद्ध मराठी अवघड जाते हें पाहून जुन्या कवींचे कठीण शब्द गाळले व तेथील बोलींतील सोपे शब्द मिसळले. मराठीची थोरवी गातांना उपमाही इकडच्याच घेतल्या : मोगरा, कस्तुरी, मोर. हा ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापला गेला.

जुन्या देवतांविषयीं त्यांनीं कठोरच लिहिलें, हेंही सांगितलें पाहिजे. ते आपल्या काळाचेच पुरुष होते. परंतु त्यांच्या काळीं ज्यांच्या हातीं सत्ता होती, त्यांतील किती जणांनीं जिंकलेल्यांची भाषा अशी प्रेमानें शिकली?

१६१९ सालीं साष्टींतच त्यांचा अंत झाला. कोंकणींतील त्यांची 'दौत्रीन' १६२२ सालीं व त्या भाषेचें व्याकरण १६४० सालीं प्रसिद्ध झालें. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मग १६८४ सालीं सरकारानें लोकांची बोलीच मोडण्याचा हुकूम काढला. छापील प्रती नाहींशा झाल्या. हातानें उतरलेल्या मात्र घरोघर राहिल्या, आणि त्यांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुराण पुन्हां छापलें गेलें.